शिंपलेवाल्याचा मुलगा

मार्कस सॅम्युएल, पहिले लॉर्ड बेअरस्टेड (१८५३–१९२७)

जपानी वाचकांसाठी यहुदी लोकांविषयी जी पुस्तके निघाली, त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली आढळते. लंडनमध्ये एक गरीब यहुदी राहत होता. किरकोळ माल विकून तो पोट भरी. घरात मुलेबाळे पुष्कळ. त्यांतला एक मुलगा शाळा संपवून घरी आला, तेव्हा वडिलांनी बक्षीस म्हणून त्याच्या हातावर पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटीचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट ठेवले आणि दोन गोष्टी बजावल्या. पहिली ही, की दर शुक्रवारी शब्बाथ लागण्यापूर्वी आईला पत्र लिहायचे, म्हणजे तिच्या जिवाला घोर लागणार नाही. दुसरी ही, की आपले आता वय झाले आहे आणि तुझ्या पाठीशी इतकी भावंडे आहेत, तेव्हा ह्या प्रवासात घरच्या धंद्याला काय उपयोगी पडेल ह्याचा विचार करायचा. मुलगा एकेक बंदर मागे टाकीत थेट योकोहामाला उतरला. खिशात पाच पौंड, ओळखीचे कोणी नाही. समुद्रकाठच्या एका पडक्या झोपडीत तो राहिला. तिथे कोळी लोक वाळूतून शिंपले उकरताना त्याने पाहिले. त्या शिंपल्यांची बटणे आणि शोभेच्या वस्तू करून त्याने त्या वडिलांकडे पाठवल्या, आणि त्यातूनच पुढे शेल ही तेलाची प्रचंड कंपनी उभी राहिली.

गोष्ट गोड आहे. मुलांना सांगावी अशी आहे. पण तारखा शेजारी मांडल्या की ती टिकत नाही. हा मुलगा म्हणजे मार्कस सॅम्युएल. तो पूर्वेच्या पहिल्या सफरीवर निघाला १८७३ साली, आणि त्याचे वडील वारले १८७० साली. तीन वर्षांपूर्वी मातीआड झालेला बाप मुलाला तिकीट देत नाही, की आगबोटीच्या धक्क्यावर उपदेशही करीत नाही. शिवाय शिंपल्यांचा धंदा मुलाने जपानात शोधून काढला हेही खरे नाही. तो वडिलांचाच होता.

मग ही गोष्ट टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. जे लोक अशी गोष्ट रचतात त्यांना एक प्रश्न पडलेला असतो. परक्या मुलखात, परक्या भाषेत, ज्याला कोणी ओळखत नाही असा विशीतला पोरगा उभा कसा राहिला? त्याच्या पाठीशी कोण होते? गोष्टीने उत्तर दिले, की बापाचा उपदेश होता. खरा इतिहास जे उत्तर देतो ते ह्याहून वेगळे आहे, आणि मला वाटते, आपल्यासारख्या देश सोडून आलेल्या लोकांना ते अधिक उपयोगी आहे.

थोरले मार्कस

वडिलांचे नावही मार्कस सॅम्युएलच. आपण त्यांना थोरले मार्कस म्हणू. लंडनच्या पूर्व भागात, गोदीपासून जवळ, हाउंड्सडिच नावाचा रस्ता आहे. ही सारी वस्ती गरीब यहुद्यांची. पूर्वेकडून आलेल्या गलबतांवरचे खलाशी आपल्याबरोबर चित्रविचित्र वस्तू आणीत आणि त्या विकून दोन पैसे मिळवीत. थोरले मार्कस त्या विकत घेत. त्यांत रंगीबेरंगी शिंपले असत. त्या काळी इंग्लंडात आगगाडीने समुद्रकिनारी सहलीला जाण्याची नवी आवड लागली होती. सहलीला गेलेल्या माणसाला घरी नेण्यासाठी काही आठवण हवी असे. थोरल्या मार्कसनी लहान लहान डब्यांवर शिंपले चिकटवून, वर त्या त्या गावाचे नाव घालून अशा डब्या विकायला काढल्या. धंदा चालला. पुढे खलाशांवर अवलंबून न राहता ते पूर्वेकडच्या व्यापारी पेढ्यांकडून सरळ माल मागवू लागले, आणि उलट इकडचा मालही तिकडे धाडू लागले.

आता त्या काळचा व्यापार कसा चाले हे ध्यानात घेतले पाहिजे. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. जपानला बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्रातली तार १८७१ साली आली. त्यापूर्वी लंडनहून सुदूर पूर्वेला लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती यायला कित्येक महिने लागत. माल पाठवणारा एका टोकाला, पैसे देणारा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एक हुंडीचा कागद. हुंडीवर सही करणारा माणूस मुदतीच्या दिवशी पैसे भरील की नाही, हे सिंगापूरच्या पेढीला तिथे बसून कसे कळावे? ते कळे फक्त त्याच्या नावावरून. मागच्या वेळी भरले होते, त्याच्याही मागच्या वेळी भरले होते, माल खराब निघाला तेव्हा खोटी सबब सांगितली नव्हती, एवढाच काय तो आधार. ह्यालाच आपण मराठीत पत म्हणतो. आणि पत ही तिजोरीत ठेवता येत नाही. ती दुसऱ्याच्या मनात ठेवलेली असते.

थोरले मार्कस वारले तेव्हा त्यांनी मागे फार मोठी दौलत ठेवली नव्हती. पण पूर्वेकडच्या बंदरांत इंग्रज, विशेषतः स्कॉटिश व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, आणि त्यांच्या दप्तरी सॅम्युएल हे नाव भरवशाचे म्हणून नोंदलेले होते. मुलांना मिळालेला वारसा तो हाच. आपल्या पिर्के अबोथमध्ये राजाचा, याजकाचा आणि तोराच्या विद्वानाचा असे तीन मुकुट सांगून सुकीर्तीचा मुकुट त्या सर्वांच्या वर ठेवला आहे. हाउंड्सडिचच्या ह्या शिंपलेवाल्याने त्यावर कधी प्रवचन केले असेल नसेल, पण आपल्या हिशेबाच्या वहीत तो मुकुट त्यांनी घडवून ठेवला होता.

विशीतली सफर

धाकटा मार्कस ५ नोव्हेंबर १८५३ रोजी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात जन्मला. वडिलांनी त्याला काही काळ ब्रसेल्सच्या शाळेत ठेवले होते. सोळाव्या वर्षी तो घरच्या पेढीत हिशेब लिहायला बसला. वडील गेल्यावर थोरला भाऊ जोसेफ धंदा पाहू लागला.

१८७३ साली मार्कस पूर्वेच्या सफरीवर निघाला. त्या वर्षी बंगाल आणि बिहारात पाऊस फसला होता आणि दुष्काळाची चाहूल लागली होती. सयामात मात्र तांदूळ भरपूर होता. विशीतल्या ह्या पोराने तिकडचा तांदूळ हिंदुस्थानात पोचवण्याची व्यवस्था केली. त्यात त्याला नफाही झाला आणि भुकेल्या मुलखात धान्यही आले. असा सौदा करायला नुसती हुशारी पुरत नाही. अनोळखी बंदरात कोणी जहाज देतो, कोणी माल उधार देतो, तेव्हा तो नाव विचारतो. मार्कसने नाव सांगितले, आणि ते वडिलांचे नाव होते. जपानी गोष्टीतला बाप धक्क्यावर नव्हता हे खरे, पण प्रत्येक बंदरात तो मुलाच्या आधी पोचलेला होता.

योकोहामा

१८७८ च्या सुमारास दोघा भावांचा उद्योग नीट आकाराला आला. लंडनला मार्कसची एम. सॅम्युएल आणि कंपनी, आणि योकोहामाला धाकट्या भावाची सॅम्युएल सॅम्युएल आणि कंपनी. धाकट्या भावाचे नाव आणि आडनाव दोन्ही सॅम्युएल! तो जवळजवळ दहा वर्षे जपानात राहिला.

त्या वेळचा जपान म्हणजे नुकताच दार उघडलेला देश. योकोहामाचे बंदर परदेशी व्यापाराला १८५९ साली खुले झाले. १८६८ साली सम्राट मेइजींची राजवट सुरू झाली आणि सारे राष्ट्र नवे शिकण्याच्या मागे लागले. त्यांना यंत्रे हवी होती, माग हवे होते, कापड हवे होते. विकायला तांदूळ, कोळसा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि लाखेचे काम होते. सॅम्युएल बंधूंनी दोन्ही बाजूंचा व्यापार केला. तेव्हा त्या बंदरांतून थोडेफार यहुदी आलेले होते. मुंबईच्या ससून घराण्याची माणसेही तिकडे व्यापार करीत.

दोघे भाऊ स्वभावाने अगदी निराळे. पेढीतल्या लोकांनी सांगून ठेवले आहे, की महत्त्वाचा व्यवहार आला की दोघे खिडकीपाशी जाऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हळू आवाजात बोलत. मग एकाएकी भांडण पेटे. धाकटा ओरडे, मार्कस हळू आवाजातच बोले, पण दोघेही एकमेकांना मूर्ख ठरवीत. आणि कोणाला काही कळण्याच्या आत दोघांचे पुन्हा एकमत झालेले असे. वडिलांच्या मागे एकत्र धंदा करणाऱ्या भावांची घरे कशी फुटतात हे आपण कोकणात आणि मुंबईत पुष्कळ पाहिले आहे. हे दोघे जन्मभर भांडले आणि जन्मभर एकत्र राहिले.

तेली झाले

आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, हे आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. घाणा चालवून तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. लंडनचे हे यहुदीही अखेर तेलाकडेच वळले, पण त्यांचे तेल जमिनीच्या पोटातले.

दिव्याचे हे तेल, म्हणजे आपले घासलेट किंवा रॉकेल, तेव्हा बहुतेक अमेरिकेतून येई. रॉकफेलर साहेबांची स्टँडर्ड ऑइल कंपनी ते चौकोनी डब्यांत भरून, डबे लाकडी खोक्यांत घालून, जहाजाने पूर्वेला पाठवी. ह्या कंपनीची रीत अशी, की कोणी स्पर्धक उभा राहिला की त्या गावात भाव पाडून त्याला बुडवायचे आणि इतर ठिकाणच्या नफ्यातून तोटा भरून काढायचा.

१८९० साली मार्कस कॉकेशसला गेला. तिथे रशियाचे तेल काळ्या समुद्राच्या बाटुम बंदरात येत असे. तिथली तेलवाहू जहाजे पाहून त्याच्या मनात आले, की डबे आणि खोकी हवीत कशाला? जहाजाच्या पोटातच तेल भरावे, सुएझमधून न्यावे, आणि पूर्वेच्या प्रत्येक मोठ्या बंदरात टाक्या बांधून त्यांत ओतावे. आणि भाव पाडण्याच्या लढाईत एका जागी सापडू नये म्हणून सर्व बंदरांत एकदमच सुरुवात करावी. पण कालव्यातून अशी जहाजे नेण्याला धोक्याचे म्हणून बंदी होती. फोर्टेस्क्यू फ्लॅनरी ह्या तज्ज्ञाकडून त्याने नव्या आणि अधिक सुरक्षित बांधणीचे जहाज आखून घेतले. पॅरिसच्या रॉथशील्ड घराण्याच्या कंपनीशी १८९१ साली तेलाचा करार केला. लंडनमध्ये विरोधकांनी मोठे काहूर माजवले, आणि ह्या योजनेमागे यहुदी आहेत असे टोमणेही छापून आले. मार्कसने टोमण्यांना उत्तर देत बसण्याऐवजी जहाजाची बांधणी तपासणाऱ्यांच्या कसोटीला उतरवली. जानेवारी १८९२ मध्ये कालवा अशा जहाजांना खुला झाला आणि ऑगस्ट १८९२ मध्ये त्याचे पहिले जहाज सुमारे ४,००० टन तेल घेऊन सुएझमधून पार झाले.

त्या जहाजाचे नाव होते म्युरेक्स. म्युरेक्स ही शंखाची एक जात. पुढच्या जहाजांची नावे काँच म्हणजे शंख, क्लॅम म्हणजे शिंपली, काउरी म्हणजे आपली कवडी. १८९३ अखेरपर्यंत आणखी दहा जहाजे पाण्यात उतरली, आणि सर्वांची नावे अशीच. लाखो पौंडांचा व्यवहार करणाऱ्या माणसाला राजाराण्यांची नावे सुचली नसती काय? त्याने वडिलांच्या डब्यांवरचे शिंपले जहाजांवर चढवले. शंख-शिंपले आपल्या ताटात वर्ज्य. पण वडिलांनी कष्टाने ज्यावर घर चालवले ती वस्तू लपवायची नाही, हे ह्या नावांत आले.

एक गंमतही झाली. तेल आले, स्वस्त आले, पण पूर्वेच्या बाजारात गिऱ्हाईक येईना. कारण लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता! स्टँडर्डचा निळा डबा रिकामा झाला की त्याची बादली होई, चूल होई, छपराला पत्रा होई. कोकणातल्या घरात रॉकेलच्या डब्याची काय किंमत असे ते आपल्याला सांगायला नको. मार्कसने हे लक्षात घेतलेच नव्हते. चूक कळताच त्याने तातडीने पत्रा पाठवून जागोजाग डबे बनवायची सोय केली. त्याचे डबे लाल होते. थोड्याच दिवसांत पूर्वेकडच्या घरांवर निळ्याबरोबर लाल पत्रेही दिसू लागले.

सहा महिन्यांची मुदत

१८९३ साली डॉक्टरांनी मार्कसला सांगितले, की कर्करोग झाला आहे आणि आयुष्य फार तर सहा महिने उरले आहे. वय चाळीस. मुले लहान. सारा धंदा दोघा भावांच्या डोक्यात, कागदावर फारसे काही नाही. अशा वेळी माणसाचा खरा स्वभाव दिसतो. त्याने पूर्वेकडच्या व्यापारी पेढ्यांना बोलावून एक मंडळ स्थापन केले. तेलाच्या धंद्यातला नफा सर्वांचा आणि तोटाही सर्वांचा. म्हणजे एका बंदरात भाव पडले तर तिथला व्यापारी एकटा बुडू नये. वडिलांच्या वेळेपासून पेढ्यांशी जडलेला विश्वास इथे कामी आला. डॉक्टरांचे निदान मात्र खोटे ठरले. मार्कस त्यानंतर आणखी ३४ वर्षे जगला. पण मरणाच्या छायेत उभारलेले ते मंडळ पुढच्या कंपनीचा पाया झाले. १८९७ साली शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग कंपनी स्थापन झाली. शेल म्हणजे शिंपला. १९०२ पर्यंत सुएझमधून जाणाऱ्या तेलापैकी शेकडा ९० टक्के तेल ह्या मंडळीचे होते.

जपानात त्यांचे वजन तसेच वाढले. १८९७ साली जपान सरकारचे कर्ज लंडनच्या बाजारात उभे करण्यात मार्कसच्या पेढीचा हात होता. १९०० साली योकोहामाला रायझिंग सन पेट्रोलियम कंपनी निघाली. फोर्मोसा बेट जपानने चीनकडून लढाईत घेतले होते. तिथल्या कापराची परदेशातली विक्री जपान सरकारने सॅम्युएल कंपनीकडे सोपवली. ह्या व्यापाराला लढाईचा आणि राज्यविस्ताराचा वास होता, हेही खरेपणाने सांगितले पाहिजे. त्या काळच्या मोठ्या व्यापाऱ्यांत त्यापासून अलिप्त असा क्वचितच कोणी होता, आणि मार्कस काही संत नव्हता. पण जपानी सरकार मालाच्या बाबतीत ज्या परदेशी पेढ्यांवर विसंबे, त्यांत ही एक होती. शिंपल्याच्या डब्यांपासून सरकारी कर्जापर्यंत पत एकाच घराची होती.

मानाचे दिवस

१८९८ साली सुएझच्या कालव्यात इंग्रज आरमाराची व्हिक्टोरियस ही मोठी युद्धनौका गाळात रुतली. मार्कसच्या कंपनीच्या एका ओढणाऱ्या बोटीने ती सोडवली. कायद्याने त्याबद्दल मोठी रक्कम मागता आली असती, ती त्याने मागितली नाही. त्याच वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली.

नोव्हेंबर १९०२ मध्ये सर मार्कस लंडन शहराचे लॉर्ड मेयर झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले यहुदी नव्हते. तो मान १८५५ साली सर डेव्हिड सॉलोमन्स ह्यांना मिळाला होता. पण सर मार्कस ह्यांची मिरवणूक त्यांच्या बालपणीच्या पूर्व लंडनमधून, गरीब यहुद्यांच्या वस्तीतून गेली. जिथे वडील खलाशांकडून शिंपले घेत, तिथून मुलगा सोन्याच्या मुलाम्याच्या रथात बसून गेला.

ह्या प्रसंगी त्यांनी जे केले ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वात मोठे काम. लॉर्ड मेयरच्या मेजवानीला सर्व देशांच्या वकिलांना बोलावण्याची प्रथा होती. त्या वेळी रुमानियात यहुद्यांचा छळ चालला होता. १८७८ च्या बर्लिनच्या तहात रुमानियाने त्यांना समान हक्क देण्याचे मान्य केले होते, पण शब्द पाळला नव्हता. सर मार्कस ह्यांनी रुमानियाच्या वकिलाला आमंत्रणच दिले नाही. सरकारी वर्तुळात कुजबुज झाली. व्यापारी माणसाने, त्यातून यहुद्याने, मानाच्या पहिल्याच दिवशी असे वाकडे कशाला घ्यावे? पण दिलेल्या शब्दावर ज्याचे घर उभे राहिले, त्याला शब्द मोडणाऱ्याला पंगतीत बसवणे जमले नाही. आपल्या बेने इस्राएल समाजानेही १९६४ साली येरुशलेममध्ये आपल्या यहुदीपणावर घेतलेल्या शंकेविरुद्ध उघड्यावर ठाण मांडले होते. मान मिळाला की मान खाली घालायची नसते, हे आपल्याला नवीन नाही.

उणी बाजू

चरित्र लिहिताना फक्त आरती ओवाळू नये. सर मार्कस ह्यांना थाटमाटाची आवड होती. केंटमध्ये त्यांनी मोठी जहागीर घेतली, घोडे ठेवले. लॉर्ड मेयरच्या वर्षात धंद्याकडे दुर्लक्ष झाले. एवढी मोठी कंपनी ते अखेरपर्यंत घरच्या दुकानासारखी चालवीत राहिले. हाताखाली नीट व्यवस्था नाही, हिशेबाची शिस्त नाही. १९०१ साली स्टँडर्ड ऑइलने सुमारे चार कोटी डॉलर देऊ केले तेव्हा वडिलांच्या नावाची कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल म्हणून त्यांनी नकार दिला. पण पाच वर्षांत रॉयल डच कंपनीचे हेन्री डेटर्डिंग ह्यांच्यापुढे त्यांना नमावे लागले. १९०७ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. सर मार्कस ह्यांना निम्मा वाटा हवा होता. मिळाले शेकडा ४०, आणि ६० डचांकडे गेले. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला.

वडिलांनी पत ठेवली होती, ती मुलाने वाढवलीही. पण पत म्हणजे व्यवस्था नव्हे. चांगले नाव दार उघडून देते, घर झाडायचे काम मात्र रोज आपल्यालाच करावे लागते. सर मार्कस ह्यांच्यासारख्या माणसालाही हा धडा मोठ्या किमतीने शिकावा लागला. तरी पराभवानंतर त्यांनी आदळआपट केली नाही. डेटर्डिंगबरोबर त्यांनी पुढे वर्षानुवर्षे सरळ मनाने काम केले.

पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारा टोल्युऑल हा पदार्थ इंग्लंडला कमी पडू लागला, तेव्हा रॉटरडॅम येथला त्यांच्या कंपनीचा कारखाना १९१५ साली सुटा करून गुपचूप इंग्लंडला आणून उभा केला गेला. त्याच युद्धात १९१७ साली त्यांचा मुलगा जेराल्ड मारला गेला. १९२१ साली ते लॉर्ड बेअरस्टेड झाले, १९२५ साली व्हायकाउंट. १९२७ च्या जानेवारीत त्यांची पत्नी फॅनी वारली, आणि चोवीस तासांच्या आत, १७ जानेवारीला, त्यांनीही देह ठेवला. धाकटा भाऊ सॅम्युएल पुष्कळ वर्षे पार्लमेंटचा सभासद होता. तो १९३४ साली गेला.

तिसरी पिढी

दुसरे लॉर्ड बेअरस्टेड म्हणजे मार्कस ह्यांचे चिरंजीव वॉल्टर. जर्मनीत हिटलरचे राज्य आले आणि यहुद्यांवर आकाश कोसळले, तेव्हा १९३६ साली हर्बर्ट सॅम्युएल आणि सायमन मार्क्स ह्यांच्याबरोबर ते अमेरिकेला गेले आणि जर्मनीतल्या यहुद्यांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी पैसा उभा करण्याचे काम केले. आजोबा शिंपले विकत, नातू माणसे सोडवीत होता. रुमानियाच्या वकिलाला न बोलावणाऱ्या घरात दुसरे काय व्हायचे?

आपल्या मुंबईत ह्या घराची खूण बर्मा-शेल ह्या नावाने १९२८ पासून होती. १९७६ साली भारत सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि तिची आजची भारत पेट्रोलियम झाली. जपानात रायझिंग सनच्या वारशातून आलेली शोवा शेल २०१९ साली इदेमित्सु कंपनीत मिळाली. पाट्या बदलतात. पण पिवळा शिंपला अजूनही जगभर रस्त्याकाठी पेट्रोलच्या पंपावर दिसतो, आणि त्याखालून जाणाऱ्या हजारांत एखाद्यालाच हाउंड्सडिचचा म्हातारा ठाऊक असतो.

आता पुन्हा त्या जपानी गोष्टीकडे वळू. तिच्यातला बाप दोन वाक्ये बोलतो आणि मुलगा मोठा होतो. खऱ्या बापाचे कोणतेही भाषण जगाला पाठ नाही. त्याने हुंड्या वेळेवर भरल्या, मालात लबाडी केली नाही, आणि मुलाला रोज शेजारी बसवून हिशेब लिहायला लावला. मुलाने बापाचा स्वभाव ऐकला नाही, तो वहीत वाचला.

आपण हिंदुस्थानातून निघालो तेव्हा बरोबर काय आणले? एकदोन पेट्या, घरची भांडी, एलियाहू हन्नाबीची तसबीर आणि गावावरून पडलेले आडनाव. इथे आल्यावर कित्येकांची आडनावेही बदलली. मुलांना मराठी समजते, पण आपले लांब उपदेश समजतातच असे नाही, आणि त्याचे आपल्याला वाईट वाटते. मला वाटते, त्यात फार वाईट वाटून घेऊ नये. कारखान्यात, इस्पितळात, शाळेत, शेतावर आपली माणसे चाळीस-चाळीस वर्षे वेळेवर गेली, कोणाचा पैसा बुडवला नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडला नाही. ते मुलांनी पाहिले आहे. एखाद्या नातवाला उद्या कुठल्याशा कचेरीत कोणी विचारील, की तू अमक्याचा नातू काय? आणि त्या विचारणाऱ्याचा चेहरा सैल होईल. आपला उपदेश तेव्हा पोचला असे समजावे.

आणि हो, दर शुक्रवारी आईला पत्र लिहिण्याची ती अट खोटी असली, तरी पाळण्यासारखी आहे. हल्ली पत्र कोणी लिहीत नाही. शब्बाथचा दिवा लावण्यापूर्वी निदान एक टेलिफोन करावा.